मसल कारच्या मॉडेलचा ग्लॉस परत बिघडला? थिनर उचलायच्या आधी हे बघा

मसल कार, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या दांडग्या अमेरिकन गाड्या, त्यांची प्लास्टिक किट्स जोडून रंगवणाऱ्यांकडून मला येणारा फोटो ठरलेला असतो. इंजिन झकास, चाकं झकास, आणि बॉडीवर पांढुरकी झाक नाहीतर खरखर, खाली एक ओळ, "ताई, रंगच खराब निघाला." रंग खरोखर खराब निघालेला मी इतक्या वर्षांत एकदाच बघितलाय. बाकी सगळा घोळ पाण्याचा, तेलाचा नाहीतर घाईचा. हे मी शहाणपणानं सांगत नाहीये, माझी ६८ची डॉज चार्जर तीनदा रंगवलीये मी, तीनही वेळा वेगळ्या कारणानं घाण झाली आणि पहिल्या दोनदा मी चुकीच्या रोगावर औषध केलं.

तर आधी लक्षणं. बॉडी हातात न घेता, म्हणजे ज्या काठीवर अडकवलीये त्या काठीनंच उचला, ट्यूबलाइटखाली धरा, आणि छतावर ट्यूबचं प्रतिबिंब कसं पडतंय ते बघा.

प्रतिबिंबाची कड सरळ आहे पण सगळं धुरकट, जणू बॉडीवरून ताकाचा हात फिरवलाय: हे ब्लशिंग. काळ्या, निळ्या, जांभळ्यावर लगेच दिसतं, पांढऱ्यावर लपून जातं. रंग मारल्यावर थोड्याच वेळात येतं.

ट्यूबची कड नागमोडी, तुटक, आणि नख हलकंच फिरवलं तर खरखर लागते: ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा पोत, किंवा रंग हवेतच वाळून पावडरीसारखा बसलाय.

गोल गोल खड्डे, मधे खालचा प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) दिसतोय, रंग जणू तिथनं अंग चोरून बाजूला सरकलाय: फिशआय, म्हणजे खाली तेल नाहीतर सिलिकॉन.

बारीक भेगांची जाळी किंवा सुरकुत्या: जाळी असेल तर प्लास्टिकच खाल्लं गेलंय, सुरकुत्या असतील तर वरच्या रंगानं खालचा रंग उचललाय.

पांढरं छत किंवा पांढरे पट्टे दोन-चार दिवसांत गुलाबी दिसायला लागले: खालच्या लाल प्लास्टिकचा रंग वर येतोय.

पाचही गोष्टींना लोक एकच नाव देतात, "फिनिश गेलं", आणि पाचही वर एकच उपाय करतात, आणखी एक कोट. फिशआयवर आणखी कोट म्हणजे खड्डा आणखी खोल, ब्लशिंगवर पावसात आणखी कोट म्हणजे आणखी ताक.

आता कोणी म्हणेल की रणगाडे केले, विमानं केली, तेव्हा असं कधी झालं नाही. होणार नाहीच, कारण ती मॅट असतात, वर धूळ नि गंज रंगवायचा असतो, मॅटमधे सगळं खपतं. मसल कार म्हणजे लांबच लांब सपाट पत्रा आणि त्यावर आरसा. खरी ६८ची चार्जर सव्वापाच मीटरच्या वर लांब, १/२५ ला, म्हणजे पंचवीसपट लहान मॉडेलमधे, ती २१ सेंटीमीटरची होते, पण रंगाचा थर काही पंचवीसपट पातळ होत नाही. गाडीवरचा रंग साधारण ०.१ मिलिमीटर धरला तर आपल्याकडे तो ०.००४ मिलिमीटर हवा, जे कोणालाच जमणार नाही, म्हणून दरवाजाच्या फटी बुजतात, मडगार्डवरची अक्षरं गुळगुळीत होतात, आणि जरा खरखर आली की डोळ्यात भरते. गंमत म्हणजे डेट्रॉइटच्या कारखान्यातनं निघालेल्या खऱ्या गाड्यांवरही थोडी ऑरेंज पील असायचीच, जुन्या गाड्या जशाच्या तशा करणारे काही लोक ती मुद्दाम तशी ठेवतात. पण तीच साल १/२५ वर आली की फणस दिसतो.

पहिलं, फुकटचं: हात लावू नका

एक दिवस थांबा. खरंच. हलकं ब्लशिंग कधीकधी कोरड्या हवेत आपोआप उतरतं, आणि ओल्या रंगावर बोट टेकवून "वाळलं का बघू" करणाऱ्यांचे ठसे मी इतके बघितलेत की आता फोटोवरून ओळखते.

दुसऱ्या दिवशी धुरकट जागेवर स्वच्छ पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंबाखाली रंग एकदम गडद नि चकचकीत दिसला तर बिघाड बहुतेक वरच्या वरच आहे, पॉलिशनं निघेल. थेंबाखालीही दूध तसंच तर ओल थराच्या आत अडकलीये, घासून काही होणार नाही. या एका थेंबानं माझे दोन रविवार वाचलेत.

दुसरं, तीन-चारशे रुपयांचं: हवेतली ओल मोजा

तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर मिळतं, ते घ्या आणि रंग मारता तिथेच ठेवा. मोबाइलवरचं हवामान चालणार नाही, ते शहराचं असतं, तुमच्या गॅलरीचं नाही, आणि गॅलरीत वाळत घातलेले कपडे असतील तर विचारूच नका. मुंबई-ठाण्यात जुलैत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते. मी ६० च्या खाली बिनधास्त मारते, ६० ते ७० मधे फक्त पातळ फवारे, ७० च्या वर डबा कपाटात.

कारण काय, तर लॅकर या प्रकारच्या रंगातलं थिनर झपाट्यानं उडतं, आणि उडताना पृष्ठभाग गार करतं, हातावर सॅनिटायझर घेतल्यावर गार लागतं तसंच. हवा आधीच ओली असली की त्या गार पृष्ठभागावर दव धरतं आणि ते दव अर्धवट ओल्या रंगात अडकतं. म्हणून रंग जितका झटपट वाळणारा तितकं ब्लशिंग जास्त. टामिया या मॉडेल कंपनीचे टीएस स्प्रे लॅकरच आहेत, त्यामुळे टीएस-१४ काळा आणि वर टीएस-१३ क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, पावसाळ्यात मारणं म्हणजे स्वतःहून बोलावणं.

इथे एक चूक मीही केलीये. बेडरूममधे एसी लावून बॉडी छान कोरडी ठेवली आणि तिथनं थेट गॅलरीत नेऊन रंग मारला. चष्मा घालून एसीतनं बाहेर आल्यावर काय होतं आठवा. बॉडीवर तेच झालं होतं, फक्त मला दिसलं नाही. आता बॉडी अर्धा तास बाहेरच्या तापमानाला येऊ देते, मग मारते. आणि एसीच्या बंद खोलीत स्प्रे मारायचा विचारही नको, वासानं घर सोडावं लागेल.

ब्लशिंग झालंच असेल तर कोरड्या दिवसाची वाट बघा आणि एअरब्रशनं, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेवर रंग फवारणाऱ्या पेननं, मिस्टर कलर ब्रँडच्या लेव्हलिंग थिनरचा अगदी पुसटसा फवारा मारा. त्यात हळू वाळवणारा रिटार्डर असतो, तो थर परत थोडा मोकळा करतो आणि ओल निघून जाते. एअरब्रश नसेल तर त्याच क्लिअरचा पातळ फवारा, पण कोरड्या दिवशीच. केस वाळवायचा ड्रायर मात्र लांब ठेवा, पॉलिस्टायरीन आहे ते, काचेच्या बाजूचे बारीक खांब आधी वाकतात आणि मग समोरची काच जन्मात बसत नाही.

तिसरं, भांड्याच्या साबणाचं: तेल

फिशआय असेल तर इथेच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही. साच्यातनं भाग सुटावा म्हणून लावलेला ओशटपणा भागांवर राहू शकतो, शिवाय आपले हात. किट उघडल्यावर बॉडी, बॉनेट, बंपर असं सगळं कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडनं आणि जुन्या मऊ टूथब्रशनं घासायचं, भरपूर पाण्यानं धुवायचं आणि टॉवेलनं न पुसता निथळत ठेवायचं. प्रायमरच्या आधी परत एकदा.

पण आपल्याकडचं खरं तेल वेगळंच असतं. डोक्याला खोबरेल लावून कपाळावर हात फिरवायचा आणि तोच हात गाडीच्या छतावर. किंवा स्वयंपाकघराशेजारी रंगकाम, आत फोडणी पडली की तेलाचा धूर बाहेर येतोच, चिमणीवर जमलेला चिकट थर बघा म्हणजे कळेल. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला तीन महिने कारण सापडेना, शेवटी निघालं काय तर वडील त्याच गॅलरीत स्कूटर पुसायचे, डॅशबोर्ड पॉलिशनं. त्यात सिलिकॉन असतं, हवेतनं उडून बसतं, आणि सिलिकॉनवर रंग धरत नाही तो नाहीच. नायट्राइलचे पातळ हातमोजे घाला, पावडरवाले नकोत.

खड्डे पडलेच तर वरनं रंग ओतू नका. पूर्ण वाळू द्या, वॉटर पेपरनं खड्ड्याच्या तळापर्यंत घासा, धुवा, प्रायमर, मग रंग. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसणार असाल तर नुसत्या प्लास्टिकवरच, कारण टामियाच्या बाटलीतला अ‍ॅक्रिलिक रंग त्यानं विरघळतो.

चौथं: डबा आणि हात

ऑरेंज पीलचं निम्मं कारण गार डबा असतो. आत गोळी वाजायला लागल्यावर पुढे दोन मिनिटं हलवा, मग हाताला सोसेल एवढ्या कोमट पाण्यात, साधारण ४० अंश, दहा मिनिटं उभा ठेवा. दाब वाढतो, रंग पातळ होतो, थेंब बारीक पडतात. उकळतं पाणी नाही, गॅसवर नाही, उन्हात गाडीच्या काचेमागे नाही, डब्यावर ५० अंशांचा इशारा उगाच नसतो. आणि आतला गॅस पेट घेतो, तेव्हा फवारणी चालू असताना स्वयंपाकघरातला गॅस बंद आणि देवघरातलं निरांजन विझलेलं. आमच्याकडे आई आधी हेच ओरडून विचारते, मग मी डब्याचं टोपण काढते.

अंतर एक वीतभर, म्हणजे २० सेंटीमीटरच्या आसपास. फार लांबून मारलात तर थेंब हवेतच वाळून खरखर, फार जवळून मारलात तर ओघळ. बटण गाडीच्या बाहेर दाबायचं आणि बाहेरच सोडायचं. दोन पातळ फवारे, मधे दहा-पंधरा मिनिटं, मग एकच ओला कोट, जो बघताना वाटतं की आता ओघळेल, पण ओघळत नाही. हा हात किटवर शिकायचा नसतो. पूर्वी आम्ही वाढदिवसाच्या प्लास्टिकच्या चमच्यांवर शिकायचो, २०२२च्या जुलैपासून त्यांच्यावर बंदी आली, मग आता काय, तर अमेरिकन किटमधे बऱ्याचदा एखादं जास्तीचं बॉनेट असतं, त्यावर. नाहीतर भाग तोडल्यावर उरलेली चौकट. प्लास्टिक तेच, म्हणजे चाचणी खरी. आणि चाचणीत प्रायमर, रंग, क्लिअर असं सगळं मारा, नुसता रंग मारून "जमलं" म्हणू नका.

पाचवं: कशावर काय मारलंय

जाळी नि सुरकुत्यांची केस. हार्डवेअरच्या दुकानातला स्वस्त स्प्रे लोखंडी गेटसाठी असतो, त्यातलं सॉल्व्हंट नुसत्या पॉलिस्टायरीनवर पडलं की प्लास्टिक चरतं. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाच्या, थिनरनं ब्रश धुवा, बॉडीजवळ आणू नका, मी एकदा त्यानं बंपरवरचा डाग पुसायला गेले आणि बंपरच पुसला गेला.

लक्षात ठेवायचं एवढंच की लॅकर सगळ्यात तिखट, त्यामानानं इनॅमल नि पाण्या-अल्कोहोलवाले अ‍ॅक्रिलिक मवाळ. तिखटावर मवाळ चालतं. मवाळावर तिखट मारलं की सुरकुत्या. इनॅमलवर लॅकर क्लिअर मारून रडणारे दर महिन्याला भेटतात. डीकॅल (पाण्यात भिजवून लावायचं पातळ चित्र) लावल्यावर, म्हणजे गाड्यांचे बाजूचे पट्टे किंवा चार्जरच्या शेपटीवरचा बंबलबी पट्टा, त्यावर पहिला क्लिअर धूळ बसल्यासारखा पुसट मारायचा, तो वाळू द्यायचा, परत पुसट, आणि मग ओला. पहिलाच ओला मारलात तर डीकॅल आक्रसतं, आणि नवीन पट्टे कुठून आणणार?

सहावं: खालचं प्लास्टिक कुठल्या रंगाचं

जुनी किट्स लाल, पिवळ्या प्लास्टिकमधे ओतलेली असतात. लाल प्लास्टिकमधला रंग लॅकरमधे विरघळून वर चढतो, पांढरा प्रायमर दोनदा मारला तरी चढतो, पांढऱ्याचा गुलाबी होईपर्यंत. यावर रुपेरी रंगाचा एक पूर्ण थर मधे द्यायचा, त्यातले धातूचे चपटे कण आडवे बसून वाट बरीच अडवतात, मग वर पांढरा प्रायमर. किंवा सरळ हार मानून गाडी लालच करायची. पॉन्टिअ‍ॅक जीटीओ जज असेल तर त्याचा १९६९चा कॅरोसेल रेड तसाही नारिंगीकडे झुकलेला लालच आहे, भांडण मिटलं.

सातवं, वेळखाऊ: घासणं नि पॉलिश

ऑरेंज पील आणि वरवरची धूळ इथे निघते. पण क्लिअर आधी पूर्ण मुरला पाहिजे. नाक बॉडीजवळ न्या, वास येतोय म्हणजे थिनर अजून उडतंय. मी उन्हाळ्यात आठवडा आणि पावसाळ्यात दोन आठवडे थांबते, तांदळाच्या डब्यात बॉडी ठेवायचे सल्ले ऐकत नाही, भात वाया जातो.

२००० चा वॉटर पेपर, पाण्यात साबणाचा एक थेंब, बोटाचा दाब जवळजवळ नाही. मग ४०००, ६०००, ८०००, १२००० चे मऊ पॅड, मग पॉलिशचं कंपाउंड, जाड, बारीक, फिनिश. बॉनेटची कड, दरवाजाच्या फटींच्या कडा, आणि चार्जरच्या मडगार्डवर धावणारी ती धार, इथे रंग सगळ्यात पातळ असतो, तिथे मास्किंग टेपची बारीक पट्टी लावा आणि मगच घासा. धारेवर एकदा प्लास्टिक दिसलं की मेटॅलिक रंगात ठिगळ लागत नाही, अख्खी बाजू परत.

आठवं: सगळं उतरवणं

जाळी हलकी असेल, किंवा तीन चुकांचे थर एकावर एक बसले असतील, तर उतरवा. आधी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, झाकणाच्या डब्यात रात्रभर, बऱ्याचशा टीएस आणि अ‍ॅक्रिलिक रंगांचे पापुद्रे निघतात. काचेचे आणि क्रोमचे भाग त्यात टाकू नका. जुने अमेरिकन मॉडेलवाले ब्रेक ऑइल वापरतात आणि ते काम करतंही, पण ते विषारी आहे, घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर आणूच नका, आणि वापरलेलं मोरीत ओतायचं नाही. प्लास्टिकवर जाळी खोल गेली असेल तर उतरवूनही ती राहते, मग पुट्टी, घासकाम, आणि त्यापेक्षा नवीन किट बरं वाटायला लागतं.

नववं, एअरब्रशवाल्यांसाठी: नळीतलं पाणी

वरचं सगळं नीट आणि तरीही रंगात अधूनमधून पाण्याचे ठिपके, तेही पंधरा-वीस मिनिटं फवारल्यानंतरच सुरू होतात, तर कॉम्प्रेसर बघा. हवा दाबली की गरम होते, टाकीत नि नळीत गार होते, आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते. दर वेळी काम संपलं की मशीन बंद करून, दाब उतरवून टाकीखालचा नळ उघडा. माझ्या टाकीतनं जुलैत पहिल्यांदा निघालं तेव्हा चहाचा कप भरेल एवढं पाणी होतं, आणि मी सहा महिने रंगाला शिव्या देत होते. वॉटर ट्रॅप ब्रशच्या जवळ हवा, मशीनजवळ नको, कारण हवा तिथवर गार झालेली नसते.

आता थांबायचं कुठे.

टाकीतनं गंजाचं लाल पाणी यायला लागलं, सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसतोय, किंवा मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, तर प्लग काढा आणि कॉम्प्रेसरच्या मेकॅनिकला बोलवा. दाबाची टाकी घरी वेल्ड करायची गोष्ट नाही, टेप लावायची तर नाहीच.

एअरब्रशच्या नोझलला चीर गेली असेल तर ती चिकटवत बसू नका, फार तर दुकानातनं नवीन नोझल बसवून घ्या.

गॅरेजवाल्यांसारखा टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा, क्लिअर मारायचा मोह होतो, चमक वेड लावते, कबूल. पण त्याच्या हार्डनरमधे आयसोसायनेट असतात, फुप्फुसाला एकदा वावडं झालं की पुढे थोड्या वासानंही दमा उठू शकतो, आणि बाजारातल्या कापडी मास्कनं किंवा एन-९५ नंही ते थांबत नाही. तो हवाच असेल तर ज्याच्याकडे बूथ आणि बाहेरून हवा पुरवणारा मास्क आहे अशा डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे बॉडी द्या आणि त्याला बजावून सांगा की पत्र्यासारखा जाड मारू नको, हे प्लास्टिक आहे. पहिल्यांदा तो हसेल. माझा हसला होता, आता स्वतःच विचारतो पुढची कुठली आणतेस.

आणि साध्या लॅकरनंही डोकं दुखतंय, छातीत घट्ट वाटतंय, डोळे चुरचुरतायत, तर आधी मोकळ्या हवेत जा, आणि दोन वेळा झालं तर रंगाचा नाही, डॉक्टरचा विचार करा. सॉल्व्हंटला ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजवालाच मास्क लागतो आणि कार्ट्रिज संपतात, वास आत यायला लागला म्हणजे बदलायची वेळ कधीच होऊन गेली.

माझी चार्जर सध्या प्रायमरवर आहे, चौथ्यांदा. मीटर आज सकाळी ७८ दाखवत होतं, त्यामुळे ती डब्यात झाकून ठेवलीये आणि मी सीटांचा रंग करत बसलेय, सीट मॅट असतात.